भोकाचा पैसा

आमच्या घरात एखादी वस्तू हरवली की कपाट, माळा, पलंगाखालची पेटी असलं काही धुंडाळायचं नसतं. सरळ अंगणात जायचं आणि सासऱ्यांच्या जीपचं बॉनेट उघडायचं.

हे मला लग्नानंतर आठवडाभरात कळलं. माझ्या आंदणातल्या कुकरची रिंग नाहीशी झाली. मी नवी सून, विचारणार कुणाला? तीन दिवस पातेल्यात डाळ शिजवली आणि धूर खाल्ला. चौथ्या दिवशी सासरे, किसनसिंग, ओट्यावर बसून सासूला सांगत होते की ऑइल फिल्टरच्या वाटीतून गळणारं तेल बंद झालं, कंपनीला जमणार नाही अशी फिट रिंग बसली. मी पदराआडून ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. नाकापर्यंत पदर आणि तोंडाला कुलूप. पण माझं तोंड कुलपात राहणाऱ्यातलं नाही. मी झाडू घेऊन अंगणात गेले आणि जीपलाच म्हणाले, "जीपबाई, नव्या नवरीच्या कुकरची रिंग घालून मिरवायला लाज न्हाई वाटत?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातल्या पान्याला म्हणाले, "पान्या, तिला सांग, सांजच्याला सेनगावहून नवी रिंग येईल." आणि आली. तेव्हापासून मी जीपशी बोलते, ते पान्याशी बोलतात, आणि आमचं दोघांचं उत्तम चाललं आहे.

घरात आमची बोली गोरमाटी. पण मी ही हकीकत मराठीत लिहिते आहे, म्हणून माणसंही मराठीतच बोलतील. जीप तर कुठल्याच भाषेत नीट बोलत नाही.

रिंगेमागचा सासऱ्यांचा हिशेब मला नंतर समजला आणि राग येऊनसुद्धा तो खोडून काढता आला नाही. कुकरच्या रिंगा सेनगावात पैशाला पासरी. जीपची रिंग हवी तर नांदेडला जावं लागतं, आणि तिथला दुकानदार गाडीचं साल ऐकून आतल्या पोराला हसायला बोलावतो. मग आपल्याच घरातली रिंग जीपला आणि बाजारातली कुकरला, यात चुकलं काय? हाच न्याय त्यांनी पुढे सगळ्या तांड्याला लावला. जीपसाठी घेतलेली वस्तू ही त्यांच्या लेखी चोरी नव्हतीच. गाडीत सगळेच बसतात, तर गाडीला सगळ्यांनी थोडं थोडं द्यायला नको? फक्त विचारायचं तेवढं ते विसरायचे.

एके काळी हीच जीप सेनगाव ते साखरा रोज पळायची. आत नऊ, मागे लोंबकळणारे पाच, टपावर दोन बोकडं. आता पोरांकडे फटफट्या आल्या, एसटी फाट्यापर्यंत येते आणि तिथून तांडा पायी. म्हणून जीप उरली ती फक्त तांड्यासाठी: आठवडी बाजार, कुणाचं बाळंतपण, कुणाची सोयरीक. कागदपत्रांचं मला विचारू नका.

सासऱ्यांचा हात मात्र खरंच सोन्याचा आहे. इंजिनाचं पॅकिंग कसं करतात ते मी त्यांच्याकडे चोरून बघूनच शिकले. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढायचं, कडेला बोटाने ग्रीस लावायचं, जाड पुठ्ठ्यावर त्याचा छाप घ्यायचा. मग पुठ्ठा झाकणावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलकं ठोकत जायचं. लोखंडाची कडच पुठ्ठा कापते, कात्रीची गरज नाही. मग तो रात्रभर तेलात भिजवायचा. मी शिलाईकाम करते, ब्लाऊजचे गळे कापते, तरी इतका बिनचूक कट मला अजून जमत नाही. रेडिएटर झिरपायला लागला की त्यात दोन मुठी हळद. हवेच्या गाळणीत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या. माझ्या घासण्या एका वर्षात किती गेल्या हे मी मोजलं असतं तर वेड लागलं असतं.

माझी सासू भिकाबाई, तिला मी याडी, म्हणजे आई, म्हणते, ती या जीपला सवत म्हणायची. सकाळी उठून पहिली शिवी जीपला, मग कोंबड्यांना, मग मला. "ह्या सवतीनं माझं घर खाल्लं," हे वाक्य तांड्यातल्या लेकरांनाही पाठ आहे. ती जीपमध्ये बसायची तीसुद्धा मागे, पाठ फिरवून.

गेल्या वर्षी जीपला नवीनच दुखणं लागलं. डिझेलची नळी जिथे फिल्टरला जोडतात तिथून डिझेल ठिबकायचं. तिथे तांब्याची वायसर लागते, म्हणजे मधे भोक असलेली पातळ चकती. सासऱ्यांनी चपलेचं रबर लावलं, ते डिझेलने फुगलं. चामडं लावलं, ते कुजलं. चार दिवस ते तोंड पाडून बसले. पाचव्या दिवशी सकाळी मोठ्याने हसत चुलीपाशी आले. चिमट्यात एक जुना भोकाचा पैसा होता, इंग्रजांच्या काळातला, मधे मोठं गोल भोक असलेला. चुलीत लालभडक तापवला, चर्रकन पाण्यात टाकला. त्याने धातू मऊ पडतो म्हणे. मग नळीला बसवून पाना आवळला. ठिबक बंद.

कुठून आणला, असं मी जीपला विचारलं. "पान्या, सांग तिला, दिवळीत सापडला," ते म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. आमच्या घरात भोकाचे पैसे एकाच ठिकाणी होते: याडीच्या लग्नातल्या ओढणीच्या काठाला. तिच्या आईच्या ओढणीवरून उतरवून तिच्या ओढणीवर शिवलेले, पाच. ती ओढणी पेटीत असते आणि पेटीची किल्ली याडीच्या कमरेला. त्यानंतर वर्षभरात नळीचा नवा जोड गळला की एकेक करत सासऱ्यांना आणखी तीन पैसे सापडले. मी म्हटलं, एवढे पैसे तांड्यात सापडत असते तर आम्ही केव्हाच श्रीमंत झालो असतो.

आता माझ्या नवऱ्याकडे, देविदासकडे येते. तो सेनगावात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्याचा जीपवर राग होताच, पण या पावसाळ्याआधी जे घडलं त्याने भडका उडाला. बाजाराच्या दिवशी भर चौकात, बरोबर त्याच्या दुकानापुढे, जीपच्या पंख्याचा पट्टा तुटला. तुटला तो तुटला, पण तो पट्टा म्हणजे हिरव्या नायलॉन साडीची घट्ट वेणी होती. ती बॉनेटखालून लांबच लांब बाहेर आली आणि सासरे ती ओढत राहिले, संपेचना. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. दुकानातल्या पोरांनी दुसऱ्या दिवसापासून देविदासला विचारायला सुरुवात केली की आज गाडीने काय नेसलंय.

तो घरी आला तो ठरवूनच. गुरुवारी सकाळी भंगारवाला पिकअप घेऊन येईल, जीप जाईल, मोकळ्या जागेत पत्र्याची खोली निघेल. "बा, आता बास झालं," एवढंच तो बापाला म्हणाला. चुकीचं बोलला असंही नाही. त्या खोलीत माझंच शिलाई मशीन जाणार होतं, म्हणून मीसुद्धा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

 सासऱ्यांनी सगळे पाने डिझेलमध्ये धुतले, पुसले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने पोत्यावर मांडले. मग बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. एक दिवस, दोन दिवस. चहा ठेवला तर चहावर साय धरायची. जो माणूस दिवसभर ठोकठोक करून माझं डोकं उठवायचा, त्याचा आवाज बंद झाला तर मला मशीन चालवावीशी वाटेना. फार वाईट वाटलं. मी जीपशी बोलून पाहिलं, पण पान्याने उत्तर दिलं नाही.

आणि अशा वेळी माझ्या सासूने काय करावं? बुधवारी सकाळी पेटी उघडली, ओढणी काखोटीला मारली, आणि तडक नायकाकडे गेली. आमच्या तांड्याचा प्रमुख भावसिंग नायक. भांडणं, सोडचिठ्ठ्या, बांधाचे वाद, सगळं त्याच्यापुढे बैठकीत सुटतं. त्या बैठकीला आम्ही नसाब म्हणतो. याडीने फिर्याद दिली की नवऱ्याने माझ्या ओढणीचे पैसे चोरले, नसाब बसवा, आणि उद्या गुरुवारीच बसवा.

मला असा संताप आला की मी दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या जोडल्या. माणूस अंथरुणाला खिळलाय, त्याची जीप उद्या जाणार, आणि ही बाई त्याला चार लोकांत चोर ठरवायला निघाली. मेलेल्याला मारायचं ते हेच.

गुरुवारी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे तांडा जमला. भावसिंग नायक मधे बसला, शेजारी त्याची छत्री. ती छत्री गेल्या पोळ्यापासून एका बाजूने मान टाकून असते, तरी तो ती सोडत नाही. देविदास कडेला उभा राहून दर मिनिटाला मोबाईल बघत होता, कारण भंगारवाला फाट्यावर आल्याचा फोन यायचा होता. सासऱ्यांना दोघांनी हाताला धरून आणलं होतं.

याडीने ओढणी सगळ्यांसमोर पसरली. काठाला एक पैसा लटकत होता आणि चार ठिकाणी नुसते दोऱ्याचे तुकडे.

"आईची ठेव होती," ती म्हणाली. "ह्या माणसानं चोरली. न्याव करा."

नायकाने सासऱ्यांना विचारलं. ते खाली मान घालून म्हणाले की चोरले नाहीत, सापडले. एक दिवळीत, एक बिडीच्या बंडलाखाली, एक माठाच्या झाकणावर आणि एक चक्क गाडीच्या सीटवर. लोक हसले. शकुबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. शकुबाई म्हणजे आमची पलीकडची शेजारीण, हसण्यात आणि भांडण्यात तांड्यात पहिली.

मी हसले नाही. मी ओढणीच्या अगदी जवळ बसले होते आणि माझे डोळे शिलाईवालीचे आहेत. दोरा ओढून तुटला की त्याचं टोक पिंजतं, मिशीसारखं होतं. या चारही टोकांना मिशी नव्हती. दोरा कात्रीने कापला होता, साफ, आणि कापडाला धक्का न लावता. सासऱ्यांनी काढले असते तर पकडीने हिसकले असते आणि सोबत काठही आला असता. तांड्यात एवढी चांगली कात्री एकच आहे, माझी. पेटीची किल्लीही एकच आहे.

मी याडीकडे पाहिलं. ती नायकाकडे पाहत होती, चेहरा असा की जणू ती त्या गावचीच नाही. 

सासऱ्यांचीही नजर ओढणीवर गेली. त्यांना दोऱ्यातलं कळतं की नाही माहीत नाही, पण कापलेली कड आणि तुटलेली कड यातला फरक त्यांना माझ्याहून जास्त कळतो. त्यांनी ती चार टोकं पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ झाली.

"व्हय," ते म्हणाले. "मीच चोरले."

नायकाने विचारलं, माल कुठे आहे? गाडीत आहे, असं सासरे म्हणाले. मग नसाब उठली आणि मोर्चा काढल्यासारखी आमच्या अंगणात आली. बॉनेट उघडलं. लोक आत डोकावले, पण त्यांना नुसतं काळं इंजिन दिसलं. तेव्हा याडी म्हणाली की एकट्या माझंच नाही, तांड्यातल्या पुष्कळांचं सामान यात आहे. सुनेला विचारा, तिला सगळं ठाऊक आहे.

पन्नास-साठ डोळे माझ्याकडे वळले. पुढे सासरे, नायक, सगळी वडीलधारी माणसं. मी पदर आणखी खाली ओढला आणि जे मला जमतं तेच केलं. जीपशी बोलले.

"जीपबाई," मी म्हटलं, "तुझं तेल मोजायची काडी कुणाची ते सांग. नायकबाबांच्या छत्रीची हाय ना?"

 भावसिंग नायकाने इंजिनातून काडी उपसली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि छत्री उघडून लटकणाऱ्या बाजूला लावून पाहिली. बरोबर बसली. काडीवर सासऱ्यांनी किती तेल लागतं त्याच्या दोन खुणासुद्धा कोरल्या होत्या. नायक म्हणाला की पुढे सांग.

मी सांगत गेले. पंख्याचा पट्टा शकुबाईची हिरवी साडी, अर्धी सेनगावच्या चौकात संपली, उरलेली अर्धी इथे. हे ऐकून शकुबाईचं हसणं बंद झालं, कारण ती साडी रुख्मिणीबाईच्या शेळीने खाल्ली असं ठरवून तिने दोन वर्षं रुख्मिणीबाईशी अबोला धरला होता. रुख्मिणीबाई तिथेच उभी होती. तिने शकुबाईकडे असं पाहिलं की शकुबाई चक्क गाडीच्या मागे गेली. ॲक्सिलेटरची दांडी प्रेमसिंगच्या सायकलच्या आऱ्यांची. ज्यांनी हसायला तोंडं उघडली होती ती एकेक करून मिटत गेली, आणि आपलं काय आहे ते बघायला लोक वाकू लागले.

तेवढ्यात पिकअप आली. भंगारवाला साखळी घेऊन उतरला, गर्दी बघून त्याला वाटलं कुणी गेलं की काय. देविदासने त्याला पुढे आणलं. पण मधे नायक उभा राहिला.

नायकाने न्याय सांगितला तो असा. चोरी झाली, किसनसिंगने कबूल केली. माल ज्याचा त्याचा. ज्याचा माल त्याच्या मर्जीशिवाय तो तांड्याबाहेर जाणार नाही.

भंगारवाला व्यवहारी माणूस होता. तो म्हणाला, मग ज्याने त्याने आपापलं काढून घ्या, उरलेलं लोखंड मी नेतो. बोलणं बिनतोड होतं. नायकाने शकुबाईला विचारलं, साडी हवी का? शकुबाई गाडीमागूनच म्हणाली की तेलाने माखलेली साडी घेऊन काय करू, पण माझी साडी भंगारात गेलेली मला चालणार नाही, नवऱ्याने दिवाळीला घेतलेली होती. प्रेमसिंग म्हणाला की सायकल तर मी केव्हाच विकली, आरे घेऊन काय खेळू? पण न विचारता नेऊ नका. एकालाही आपली वस्तू परत नको होती आणि एकही ती सोडायला तयार नव्हता.

"आणि माझे पैसे ज्यानं बसवले त्यानंच काढायचे," याडी म्हणाली. "दुसऱ्या कोन्ही हात लावला तर बघा."

देविदास बापाकडे वळला आणि म्हणाला की काढा आणि विषय संपवा. सासऱ्यांनी दोन्ही खिसे चाचपले, पोतं उचलून पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "पाना सापडंना," ते म्हणाले. पाना त्यांच्या पायाखाली होता. मला दिसत होता, नायकाला दिसत होता, रुख्मिणीबाईच्या शेळीलासुद्धा दिसत असेल. भंगारवाल्याने आपला पाना पुढे केला, तर सासऱ्यांनी तो उलटसुलट करून मापात बसत नाही म्हणून परत दिला.

देविदासचा आवाज चढला. तो म्हणाला की हे सगळं नाटक आहे, जीप आमच्या घरची आहे, आणि माझं तिच्यात काहीही नाही, मला तिच्याशी देणंघेणं नाही.

आता सांगायची एकच वस्तू उरली होती. ती सांगावी की नको, याचा मी क्षणभर विचार केला, कारण मला संध्याकाळी याच माणसासमोर जेवायला बसायचं होतं. पण मला बाजेवरची ती पाठ आठवली. मी पदर सावरला.

"जीपबाई," मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावरच्या झाकणाखालचं पॅकिंग कशाचं हाय, तेवढं सांगून टाक."

देविदास इंजिनावर वाकला. झाकणाच्या कडेला पुठ्ठ्याचा एक कान बाहेर राहिला होता. तेलाने पिवळा पडलेला, पण छापील अक्षरं स्पष्ट होती: प्रथम श्रे. पुढचं इंजिनात होतं. कॉम्प्युटर कोर्सचं त्याचं सर्टिफिकेट. तीन वर्षांपूर्वी ते हरवलं म्हणून त्याने मला, आईला आणि घरातल्या उंदरांना बोल लावले होते.

"बा," तो म्हणाला, "हे माझं सर्टिफिकेट?"

"कागद लई जाड होता," सासरे म्हणाले, आणि खरंच कौतुकाने म्हणाले. "कंपनीचा पुठ्ठा बी एवढा टिकत न्हाई. तीन वरसं झाले, एक थेंब तेल बाहीर न्हाई आलं."

"पण ते माझं आहे. मला न विचारता कसं घेतलं तुमी? ते माझं आहे."

भावसिंग नायकाने छत्री मिटली. "म्हंजे तूबी फिर्यादी झालास," तो शांतपणे म्हणाला. "मंग तुझीबी मर्जी लागंल. सांग आता, तुझं सर्टिफिकेट भंगारात देऊ का?"

 सगळा तांडा वाट पाहत होता. देविदासने ते प्रथम श्रे परत एकदा पाहिलं, पुठ्ठ्याच्या कानाला बोट लावून पाहिलं, आणि बोटाचं तेल आपल्या इस्त्रीच्या शर्टला पुसलं. न्हाई म्हणाला. हळूच म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

भंगारवाल्याला आम्ही चहा पाजला. रिकाम्या हाताने गेला तर बरकत जाते म्हणून याडीने त्याला एक बूड गेलेली बादली दिली. सासऱ्यांना शिक्षा झाली: तांड्याला गूळ वाटायचा, आणि यापुढे बाजाराला जाताना पुढची सीट जन्मभर भिकाबाईची. ही दुसरी शिक्षा नायकाला कुणी सुचवली ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. नायकाने आपली काडी पुसून स्वतःच्या हाताने परत इंजिनात घातली आणि छत्री काखेत मारून वाकडीच नेली.

देविदास चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानातून येताना त्याने पिशवीतून पंख्याचा नवाकोरा पट्टा काढून ओट्यावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेला. सासऱ्यांनी पट्टा ताणला, वास घेतला, आणि पान्याला सांगितलं की कंपनीचा माल आहे, किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पण बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडी ओढणी घेऊन माझ्या मशीनपाशी येऊन बसली. काठ नीट करून दे म्हणाली. मी म्हटलं, याडी, हे दोरे माझ्या कात्रीने कापलेले आहेत.

"तुझी कात्री बोथट झाली हाय," ती म्हणाली. "धार लावून घे."

मी हसले, पण सोडलं नाही. वर्षभर एकेक पैसा स्वतः कापून त्याच्या वाटेत ठेवलास, वरून सकाळ-संध्याकाळ शिव्या दिल्यास, असं का केलंस, विचारलं. ती ओढणीचा काठ बोटाने सरळ करू लागली.

"ते चार दिस तोंड पाडून बसले व्हते," ती म्हणाली. "मला बघवंना. पन हातात नेऊन दिला असता तर म्हनले असते, सवतीवर जीव बसला हिचा. चाळीस वरसाच्या शिव्या वाया गेल्या असत्या."

मग तिने शेवटचा उरलेला पैसा माझ्यापुढे धरला.

"हा घट्ट शिव. दुहेरी दोरा घाल, वर गाठ मार. लागला तर मागू दे त्यांना. आजवर सगळं न इचारता घेतलं, एकदा तरी तोंडानं मागू दे."

अंगणात ठोकठोक चालू होती, ती थांबली. खिडकी उघडीच होती. जरा वेळाने सासऱ्यांचा आवाज आला, "पान्या, तिला इचार, दुसऱ्या जोडाला बी ठिबक लागली हाय. आनखी एक मिळंल का?"

"पान्याला न्हाई देत," याडी खिडकीकडे न बघता म्हणाली.

बाहेर चपला वाजल्या. सासरे दारात आले. हात चिंधीला पुसत होते, पुसून झाले तरी पुसत होते. मी पदर ओढून मशीनवर मान घातली.

"भिका," ते म्हणाले. सात वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "तुझ्याकडचा एक पैसा दे."

याडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने ओढणी झटकली, घडी केली, परत उलगडली.

"मागितला की लगीच द्यायचा व्हय?" ती म्हणाली. "उद्या या."

ते मान डोलवून गेले. ठोकठोक परत सुरू झाली, नेहमीपेक्षा जरा जोरात. मी सुईत दुहेरी दोरा ओवला होता, गाठ मारायला घेतली, तर याडीने माझा हात धरला आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "एकेरीच घाल."